शरदाचे कपडे : एक कागदी कटिंग, अनेक पोशाख

आश्विन महिना लागला की आपल्या घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. एक दिवाळीच्या फराळाचा आणि दुसरा कपड्यांचा. शरद ऋतू तसा फसवा. सकाळी गारवा, दुपारी ऑक्टोबरचे कडक ऊन आणि सायंकाळी पुन्हा थंड वारा. त्यातच नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी एकापाठोपाठ येतात. प्रत्येक प्रसंगासाठी वेगळा जोड घेतला, तर कपाट भरते आणि बचत खाते रिकामे होते.

नागपूरहून भिलाईला बदली झाल्यावर पहिल्याच वर्षी मी ही चूक केली. सणाच्या गर्दीत चार सुंदर कापडे घेतली. परंतु एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. त्यातील एक सुती कापड न भिजवताच शिवायला दिले. पहिल्या धुण्यात कुडता आटला, अस्तर मात्र तेवढेच राहिले. तो कुडता पुन्हा अंगावर चढला नाही. प्रस्तुत लेखाचा जन्म त्या नुकसानीतून झाला आहे.

खुर्सीपारची शिकवण

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या आधाराने येथे देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. खुर्सीपार ही त्याच श्रमिकांची वस्ती. तेथे विदर्भातून आलेल्या एक शिलाईकाम करणाऱ्या ताई मला भेटल्या. माझी कापडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “मॅडम, कापड मागून घ्या; आधी कागद कापू.”

कागदावर आखणी करण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांची कागदी कटिंगे विक्रीस आणली. आपल्याकडे झारापकर पद्धतीच्या पुस्तकांवरून अनेक स्त्रिया घरबसल्या बेतायला शिकल्या. एकदा अंगाला बरोबर बसणारे कटिंग तयार झाले, की त्याच कागदावरून अनेक कपडे निघतात.

मूळ आखणी दोनच

सरळ कुडता आणि सरळ पँट या दोन आखण्या पुरेशा आहेत. छाती ३६ इंच असल्यास कुडत्यासाठी ४ इंच सैलपणा धरावा. म्हणजे ४० इंच आणि चौथा भाग १० इंच. त्यात पाऊण इंच माया सोडावी. उंची ४२ इंच ठेवल्यास लांब कुडता होतो, तर ३० इंचांवर आखूड. पूर्ण, तीन-चतुर्थांश किंवा अर्धी बाही ही त्याच बाहीच्या कागदावर रेघ मारून ठरवता येते.

त्याच कागदावरून बिनबाह्यांचे जाकीटही बेतता येते. मात्र ते कुडत्यावर घालायचे असल्याने सैलपणा ६ इंच धरावा. म्हणजे चौथा भाग साडेदहा इंच होतो. मुंढाही अर्धा इंच खाली घ्यावा, अन्यथा आतील बाही काखेत गोळा होते. सकाळ-सायंकाळच्या गारव्याला हे जाकीट उपयोगी पडते आणि दुपारी काढून ठेवता येते.

कापडाचा हिशेब

४४ इंच पन्ह्याच्या कापडात लांब कुडत्याला अडीच मीटर, आखूड कुडत्याला पावणेदोन, पँटला सव्वादोन आणि जाकिटाला दीड मीटर कापड साधारणपणे पुरते. दोन लांब व एक आखूड कुडता, दोन पँट आणि एक जाकीट यांसाठी एकूण पावणेतेरा मीटर कापड लागते; जाकिटाचे दीड मीटर अस्तर वेगळे. तीन कुडते आणि दोन पँट यांचे सहा जोड होतात. जाकिटासह आणखी सहा. सहा कपड्यांत बारा पोशाख!

रंग जुळले नाहीत तर मात्र हा गुणाकार फसतो. म्हणून प्रथम दोन्ही पँटचे रंग ठरवावेत. एक गडद निळा, दुसरा बदामी. मग एकच छापील कापड निवडावे आणि त्याच्या नक्षीतील रंग, उदाहरणार्थ मोरपंखी व विटकरी, उरलेल्या दोन कुडत्यांसाठी घ्यावेत. जाकिटासाठी कोसा उत्तम. चांपा येथील कोसा प्रसिद्ध आहेच. आपल्या विदर्भातील करवतकाठी साडीही याच टसर रेशमाची. त्याचा नैसर्गिक सोनेरी-बदामी रंग बहुतेक रंगांशी जमतो. कोसा महाग असला तरी दीड मीटर परवडतो. सुती कापड व सुती अस्तर बेतण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवावे; कोसा मात्र भिजवू नये.

खर्चाचा विचार वापराच्या हिशेबाने करावा. समजा, ९०० रुपयांचा कुडता ४५ वेळा घातला, तर एका वेळेचा खर्च २० रुपये पडतो. ६०० रुपयांचा पाचच वेळा घातला, तर तोच १२० रुपये. स्वस्त कोणता, हे सांगणे न लगे.

शिवणाऱ्या हातांसाठी

दिवाळीच्या तोंडावर ताईंना अर्धी कामे परत पाठवावी लागत. जुन्या पायमशीनवर आणि इंटरलॉकविना त्याहून अधिक काम उरकत नसे. कपड्यांसाठी कर्ज काढू नये, असेच मी खातेदारांना सांगते. परंतु उत्पन्न वाढवणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. पात्र कारागिरास प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंतचे अवजार-साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात विनातारण १ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस लाभ मिळतो आणि सरकारी नोकरीतील व्यक्तीचे कुटुंब अपात्र ठरते.

पूर्ण लाख घेतलेच पाहिजेत असे नाही, हे मी ताईंना आवर्जून सांगितले. १८ महिन्यांच्या परतफेडीत १ लाखाचा मासिक हप्ता सुमारे ५,७८० रुपये येतो, तर ४० हजारांचा सुमारे २,३१०. हप्ता दिवाळीच्या कमाईवर नव्हे, आषाढाच्या मंदीतील कमाईवर तोलावा. ताईंनी तो हिशेब वहीत उतरवून घेतला. “आषाढाचे आकडे पाहून सांगते,” असे त्या म्हणाल्या. कर्जदाराकडून याहून शहाणे उत्तर मी क्वचितच ऐकले आहे.

आपणही एक करावे. कापड गणपतीनंतर लगेच घ्यावे आणि शिवायला भाद्रपदातच द्यावे. कारागिराला रिकाम्या दिवसांत काम मिळते, आपल्याला कपडा नीट बसवून घ्यायला वेळ मिळतो. आणि शिवणीत थोडी माया अधिक सोडायला सांगावे. पुढच्या वर्षी तोच कुडता उसवून सैल करता येतो.