नाकारलेल्या मागणीची नोंद

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ साली ते पूर्ण झाले. साठवणक्षमता सुमारे ९३४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला सुमारे १२५ दलघमी मृतसाठा. पायथ्याच्या जलविद्युत केंद्रात ७.५ मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण २२.५ मेगावॉट. पण येलदरीच्या पाण्याची शेतीसाठीची वाटणी येलदरीत होत नाही. संचांतून सुटलेले पाणी नदीने खाली, आता हिंगोली जिल्ह्यात असलेल्या सिद्धेश्वर धरणात जाते आणि कालवे निघतात ते तिथून. वर मोठा साठा आणि खाली तो घेऊन पुढे पोचवणारे लहान धरण, अशी ही जोडी आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे गणित शिकवावे लागत नाही. धरण शंभर टक्के भरल्याची बातमी आली म्हणजे टेलच्या रानात पाणी आले असे होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. मध्ये कालव्याची वहनक्षमता असते, वितरिका आणि चाऱ्या असतात, आवर्तनाच्या तारखा असतात, नमुना नंबर ७ चा मागणी अर्ज असतो. साठा ही एक गोष्ट आणि पोच ही दुसरी.

संगणकाच्या बाबतीत मात्र हाच फरक आपण सहज विसरतो. फाइल उघडायला वेळ लागला, रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळला, की पहिला ठपका डिस्कवर बसतो आणि नव्या, महागड्या डिस्कची मागणी पुढे येते. पुष्कळदा डिस्क निर्दोष असते. अडते ते डिस्क आणि मेमरी यांच्या मधल्या वाटेवर, आणि त्या वाटेचे नाव डीएमए, म्हणजेच डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. आडतीच्या दुकानात मुनीम स्वतः पोती वाहू लागला तर हिशेब कोण लिहिणार? प्रोसेसरचे तेच आहे. डिस्ककडून आलेला प्रत्येक शब्द त्याने स्वतः उचलून मेमरीत ठेवायचा, ही जुनी पद्धत. डीएमएमध्ये तो फक्त चिठ्ठी लिहितो: कुठून उचलायचे, कुठे ठेवायचे, किती. वाहतूक वेगळे यंत्र करते आणि काम संपल्यावर प्रोसेसरला वर्दी देते. आयबीएमच्या ७०९ या १९५८ सालच्या यंत्रात या कामासाठी स्वतंत्र चॅनेल होते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८२३७ ही चिप होती आणि तिच्यात मार्ग अवघे चार. एक मेमरी ताजी ठेवण्यात खर्ची पडे, एक फ्लॉपीला जाई. १९८४ च्या पीसी-एटीत दुसरी चिप जोडली तेव्हा वापरता येणारे मार्ग सात झाले. कार्डावरचे जंपर हलवून मार्ग नेमून द्यावा लागे आणि दोन कार्डांना चुकून एकच मार्ग दिला की त्यांचे भांडण जुंपे. डीएमए ही मोजकी चीज आहे, ती वाटून द्यावी लागते, ही जाणीव त्या काळी प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला होती. आज मार्गांची संख्या डोळ्यांआड गेली आहे, पण मर्यादा गेलेली नाही.

या वाहतुकीचे मोल महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखले गेले होते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक या संगणन संस्थेची स्थापना झाली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्याची प्रसिद्धी झाली ती आकडेमोडीच्या वेगासाठी. मला त्यातला वेगळाच गुण अधिक मोलाचा वाटतो. तो ज्या ट्रान्सप्युटर चिपांवर बांधला होता, त्या प्रत्येकीला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते आणि प्रत्येक दुव्याला स्वतःचे डीएमए यंत्र होते. त्यामुळे गणित चालू असतानाच चारही बाजूंना माहितीची ने-आण होऊ शके. पुढे २००३ मध्ये आलेल्या परम पद्ममध्ये २४८ पॉवर-४ प्रोसेसर होते आणि त्या वर्षीच्या जूनमधल्या जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत तो १७१ व्या स्थानी होता. त्याच्यासाठी सी-डॅकने परमनेट-२ हे अंतर्गत जाळे स्वतः घडवले होते. प्रोसेसर विकत घेता येतात, पण ते एकमेकांची वाट पाहत बसले तर त्यांची संख्या कागदावरच राहते, ही समज या मेहनतीमागे होती.

आता प्रत्यक्ष जुळवाजुळवीकडे येऊ, कारण खरा विषय तोच आहे. बँका आणि विमा कंपन्यांकडे असतात तशा आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरचे उदाहरण घेऊ. सर्व्हर आणि दूरचे साठवण यंत्र यांना जोडणारे फायबर चॅनेल ॲडॉप्टर असते. त्याच्या दोन मर्यादा प्रशासकाच्या हातात असतात. पहिली, एका वेळी वाटेत किती मागण्या असू शकतात. दुसरी, एक मागणी किती मोठी असू शकते. या दुसऱ्या आकड्यात एक गोष्ट दडलेली आहे: त्याच्यावरच ॲडॉप्टरला डीएमएसाठी मिळणारी मेमरी ठरते. मूळच्या एक मेगाबाइटच्या मर्यादेवर त्याला १६ मेगाबाइट मिळतात आणि मर्यादा दोन मेगाबाइट केली की १२८. मर्यादेच्या नावात फक्त आकाराचा उल्लेख, आणि परिणाम मात्र आठपट राखीव जागेचा. ही जागा संपलेली असताना मागणी आली तर ती थांबवून ठेवली जाते आणि प्रणाली तशी नोंद करते. एफसीस्टॅट ही आज्ञा दिली की त्यात ‘नो डीएमए रिसोर्स काउंट’ नावाची ओळ दिसते, म्हणजे जागा नाही म्हणून किती वेळा थांबावे लागले याची मोजणी. मागण्यांची संख्या अपुरी पडली तर त्याची ओळ वेगळी असते. नाकारलेल्या अर्जांचे इतके प्रामाणिक रजिस्टर फार थोड्या यंत्रणांकडे असेल. माझे म्हणणे एवढेच आहे की डीएमएचे वाटप या रजिस्टरवरून ठरवावे. डिस्कची क्षमता, शेजारच्या कार्यालयातली सेटिंग किंवा गोल आकडे, यांपैकी कशालाही तो अधिकार नाही.

त्याला साध्या गणिताची जोड देता येते. एका मागणीला जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला १०,००० मागण्या पुऱ्या करायच्या आहेत असे धरू. तर कोणत्याही क्षणी वाटेत ५० मागण्या असल्याच पाहिजेत. मर्यादा ३२ ची असेल तर सेकंदाला ६,४०० च्या वर काही केल्या जाता येणार नाही, मग डिस्क कितीही चपळ असो. कालव्याचा काटछेद ठरलेला असताना धरणातली पातळी वाढली म्हणून चारीला दुप्पट पाणी येत नाही, तसेच हे.

यावर पहिला आक्षेप सरळ असतो: मेमरी आता मुबलक आहे, मग सगळे आकडे कमालीवर नेऊन मोकळे का होऊ नये? हा आक्षेप मोडायला येलदरी-सिद्धेश्वरचेच उदाहरण पुरे. सिद्धेश्वर आधीच भरलेले असताना येलदरीचे दरवाजे उचलले तर वाढीव पाणी कालव्यात मावत नाही. सिद्धेश्वरचेही दरवाजे उघडावे लागतात, विसर्ग पूर्णेच्या पात्रात जातो आणि नदीकाठच्या गावांना सावध करावे लागते. साठवण यंत्राच्या पोर्टचेही पोट ठरलेले असते. त्याच पोर्टवर अनेक सर्व्हर टेकलेले असतात. एकाने आपली मर्यादा भरमसाट वाढवली की पोर्टची रांग भरते, ते ‘रांग भरली’ असे उत्तर परत पाठवू लागते आणि ज्यांनी काहीच बदलले नव्हते त्या सर्व्हरांनाही ताटकळावे लागते. शिवाय यंत्रातल्या एकाच जोडमार्गावर, म्हणजे बसवर, अनेक ॲडॉप्टर असतील आणि प्रत्येकाला १२८ मेगाबाइट हवे असतील, तर काही जुन्या यंत्रांत डीएमएची जागाच पुरत नाही. मग एखादे ॲडॉप्टर उठत नाही, आणि ज्या डिस्कवरून यंत्र सुरू व्हायचे तीच त्याच्यामागे असली तर यंत्रच उठत नाही. म्हणून बदल एकेका ॲडॉप्टरवर करावा आणि पुढचा करण्याआधी त्याचा परिणाम पाहावा.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. जुन्या साटा डिस्कला एकच रांग आणि तीत ३२ मागण्या मिळत. नव्या डिस्कांच्या एनव्हीएमई मानकात ६५ हजारांहून अधिक रांगा आणि प्रत्येक रांगेत तितक्याच मागण्यांची मुभा आहे. मग टंचाई उरली कुठे? ती सरकली आहे. क्लाउडवरच्या संरक्षित आभासी यंत्रांत बाहेरच्या उपकरणाला थेट मेमरीत शिरू देत नाहीत. माहिती आधी मधल्या जागेत उतरते आणि तिथून आत नेली जाते. लिनक्समध्ये ही मधली जागा एकूण मेमरीच्या मानाने लहानच असते. बाकी शेकडो गिगाबाइट मेमरी रिकामी असली तरी एवढीशी जागा भरली की डिस्कचे काम अडते आणि जागा संपल्याची तक्रार लॉगमध्ये उमटते. साठा अमाप असून मधल्या टाकीपाशी खोळंबा होतो, हे चित्र पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसाला परके वाटणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचार करायला लावतो: डीएमए हाच मुळी नेहमी चांगला का? पीसी-एटीत हार्ड डिस्कसाठी डीएमए बाजूला ठेवून प्रोसेसरच माहिती उचलत असे, कारण ८२३७ त्याच्यापेक्षा मंद होती. अगदी लहान तुकड्यांच्या कामात चिठ्ठी लिहिण्याचा खर्च पोते उचलण्यापेक्षा जास्त पडतो, हेही खरे. विंडोज एक्सपी तर डिस्कच्या वाहतुकीत सहा चुका साठल्या की डीएमए सोडून प्रोसेसरच्या संथ पद्धतीवर येई आणि वापरणाऱ्याला कारण न कळता यंत्र रखडे. दोष बहुधा सैल किंवा जुन्या केबलचा असे. पण यांतून डीएमए निरुपयोगी ठरत नाही. ठरते ते असे की वाहतुकीची पद्धत आणि तिचा वाटा, दोन्ही कामाच्या स्वरूपावरून ठरतात. लहान, विखुरलेल्या व्यवहारांना वाटेतल्या मागण्यांची संख्या लागते. बॅकअपसारख्या लांब, सलग वाचनाला मोठी मागणी आणि मोठी जागा लागते. गहू आणि ऊस यांना एकच पाळी लावली तर दोघांचे नुकसान होते.

पाण्याची तुलना एका ठिकाणी तुटते, तेही सांगायला हवे. पाणी दिले की साठा घटतो. माहिती कितीदाही वाचली तरी डिस्कवर तशीच राहते. म्हणून इथे काटकसर साठ्याची नसते, फक्त वाटेची असते, आणि वाट दर क्षणाला मोकळी होऊन पुन्हा भरता येते. यामुळे चूक सुधारणेही सोपे जाते, फक्त नोंद नीट वाचायला हवी. एफसीस्टॅटमधली मोजणी साठत जाणारी आहे, म्हणून मोठा आकडा दिसला तरी लगेच दचकू नये. बॅकअप सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा आकडा लिहून घ्यावा आणि दोहोंतला फरक पाहावा. मर्यादा बदलल्यानंतर दुसऱ्या रात्री तेच करावे. फरक शून्यावर आला आणि बॅकअपची वेळ घटली, तर जागा योग्य ठिकाणी गेली. फरक शून्यावर आला आणि बॅकअप पूर्वीइतकाच लांबला, तर अडथळा पुढच्या पोर्टपाशी आहे. तेव्हा ॲडॉप्टरची राखीव जागा पूर्ववत १६ मेगाबाइटवर आणावी आणि साठवण यंत्राच्या रांगेची नोंद मागवावी.