घरासाठी शिलाईयंत्राची निवड

व्यापारी बंधूंनो, पोत्यातील मूठभर दाणे हातावर घेतल्यावाचून आपण धान्याचा सौदा करीत नाही. मग शिलाईयंत्रच केवळ रंग व जाहिरात पाहून का घ्यावे?

आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. वरचा व खालच्या बॉबिनचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत गुंतावा, हे त्यातील तत्त्व आजही कायम आहे. म्हणून दुकानी जाताना घरचेच कापड न्यावे. मलमलीस ११, साध्या सुती कापडास १४ व जाड कापडास १६ क्रमांकाची सुई लावून शिवून पाहावे. टाका दोन्ही बाजूंस सारखा पडला व कापड चुरगळले नाही, तरच पुढे बोलावे.

नक्षीच्या अनेक टाक्यांचे विजेचे यंत्र मोहक दिसते. परंतु परकर, उशांचे अभ्रे, पिशव्या शिवणाऱ्या घरास सरळ टाक्याचे पायंत्र पुरेसे होते व वीज गेल्याने अडत नाही. सुया, बॉबिन, वादी आणि दुरुस्ती करणारा कारागीर गावातच मिळतो काय, हे भावाआधी विचारावे.

पैसे आपण देणार असलो, तरी यंत्रावर घरातील सून अथवा लेक बसणार आहे. तिला समवेत न्यावे, तिच्याच हातांनी यंत्र चालवून पाहावे आणि तिच्या पसंतीवर सौदा पक्का करावा.