मोडेमच्या वाट्याची जागा

शाओमीचा रेडमी 2 आणि मोटोरोलाचा तिसऱ्या पिढीचा मोटो जी हे 2015 सालचे फोन. दोन्हींत क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन 410 ही चिप होती. 1 जीबी रॅमचा फोन घेतलेल्या माणसाला सेटिंगमध्ये मात्र त्याहून कमी आकडा दिसे आणि दुकानदाराने फसवले की काय, अशी शंका येई. फसवणूक नव्हती. या चिपमध्ये अँड्रॉइड चालवणाऱ्या प्रोसेसरशेजारी मोडेमचा वेगळा प्रोसेसर आहे, वाय-फाय आणि ब्लूटूथचा आणखी वेगळा. प्रत्येकाचे फर्मवेअर निराळे, रॅम मात्र एकच. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्स कर्नलमधल्या या चिपच्या वर्णनात बरीच वर्षे मोडेमसाठी 43 एमबी, वाय-फायवाल्यासाठी 6 एमबी आणि सगळ्यांनी मिळून वापरायला 1 एमबी जागा बाजूला काढलेली होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या राजुऱ्यात फोनवर टॉवरचा सिग्नल येतो, तो या बाजूला काढलेल्या जागेच्या जोरावर.

वाटणीची जागा नोंदीत अस्पष्ट राहिली की काय होते, हे राजुऱ्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. आपला तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो इकडे आला. पण पूर्वी राजुऱ्यातच असलेल्या जिवतीतल्या 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा अजून दोघेही हक्क सांगतात. तिथे एकाच घरात दोन राज्यांची रेशनकार्डे सापडतात. माणसे त्यातूनही वाट काढतात, दोन्ही सरकारांच्या दारी जाऊन बोलतात. मेमरीला बोलता येत नाही. एकाच पत्त्यावर दोघांनी लिहिले तर नंतरचा आधीच्याचे पुसतो, आणि पुसले गेल्याचे कळते ते फोन बंद पडल्यावर.

कर्नलच्या जगात ही नोंद स्वच्छ व्हायला दहा वर्षे लागली. 2011 पर्यंत एआरएम चिपांसाठी बोर्डागणिक वेगळी सी फाइल लिहिली जाई. राखीव जागेचे पत्ते त्या फाइलींत पुरलेले असत, नाहीतर कर्नलला एकूण मेमरीच कमी सांगून उरलेली परस्पर वापरली जाई. त्या वर्षी मार्चमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर हार्डवेअरचे वर्णन कोडबाहेर, डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहिण्याला जोर आला.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप 4 चिपच्या निमित्ताने ओहाद बेन-कोहेन यांनी पुढचे दोन पाये घातले. मे 2011 मधल्या 2.6.39 आवृत्तीत हार्डवेअर स्पिनलॉक आले. एकमेकांना अनोळखी असलेल्या प्रोसेसरांत नेहमीचे सॉफ्टवेअरचे कुलूप भरवशाचे नसते, म्हणून हे कुलूप चिपमध्येच बसवलेले असते. मे 2012 मध्ये 3.4 आवृत्तीत रिमोटप्रॉक आणि आरपीमेसेज आले. पहिल्यामुळे कर्नल शेजारच्या प्रोसेसरचे फर्मवेअर मेमरीत चढवून त्याला सुरू किंवा बंद करू लागला. दुसऱ्यामुळे दोघांत 512 बाइटांच्या खणांतून निरोपांची ये-जा सुरू झाली.

तरीही हे सगळे रॅमच्या नेमक्या कोणत्या भागात घडायचे, ते सांगण्याची सामायिक रीत नव्हती. डिव्हाइस ट्रीत आरक्षणाची जुनी सोय होती, पण तिच्यात पत्ता आणि लांबी एवढेच लिहिता येई. जागा कोणासाठी ठेवली आणि कर्नलने तिच्याशी कसे वागायचे, याचा पत्ता नसे. 2014 च्या 3.15 आवृत्तीत सॅमसंगच्या मारेक शिप्रोव्स्की आणि ग्रँट लाइकली यांच्या कामातून 'रिझर्व्ह्ड-मेमरी' हा विभाग आला आणि मला वाटते, या दहा वर्षांतले सर्वांत मोलाचे पाऊल तेच. आता प्रत्येक जागेला नाव मिळाले आणि ती वापरणाऱ्या उपकरणाच्या नोंदीतून थेट तिच्याकडे बोट दाखवता येऊ लागले. 'नो-मॅप' लिहिले की कर्नल ती जागा आपल्या नकाशातच घेत नाही. मोडेमसाठी हे फार गरजेचे, कारण प्रोसेसर पुढचे अंदाज बांधून मेमरी आधीच वाचू पाहतो, आणि संरक्षित जागेला असा नुसता स्पर्श झाला तरी फोन कोसळू शकतो. 'रियुजेबल' लिहिले की मालकाला गरज नसेल तेव्हा कर्नलने ती वापरावी आणि मागताच रिकामी करून द्यावी.

2015 मध्ये ब्योर्न अँडरसन यांनी क्वालकॉमच्या सामायिक मेमरीचा, म्हणजे एसमेमचा, ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आणला. वर उल्लेखलेली 1 एमबी ती हीच. बूटलोडर तिची मांडणी आधीच करून ठेवतो, आत क्रमांकवार खण असतात आणि खण वाटून देताना चिपमधले कुलूप लावले जाते. 2018 मध्ये एसटी कंपनीच्या लोइक पालार्डी यांनी रिमोटप्रॉकमध्ये राखीव जागांची नावानिशी नोंदणी करण्याची सोय सुधारली. पुढच्या वर्षी त्यांच्या कंपनीची एसटीएम32एमपी1 चिप आली. तिच्यात लिनक्सचा ए7 आणि छोटा एम4 प्रोसेसर शेजारी नांदतात. 2021 मध्ये एसमेमची दुहेरी नोंदही गेली. आधी जागेची नोंद एकीकडे आणि ती वापरणाऱ्या उपकरणाची दुसरीकडे असे. आता राखीव जागेची नोंद हीच उपकरणाची नोंद म्हणून पुरते.

मोडेमच्या त्या राखीव जागेत चालणारे फर्मवेअर आजही बंदिस्त आहे, आणि ही उणीव मोठी आहे. पण त्याची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे आता कोणालाही वाचता येते. कंपनीने पाठ फिरवलेल्या जुन्या फोनवर नवा कर्नल चालवू पाहणाऱ्याला पहिला आधार या नोंदीचाच मिळतो. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी प्रोसेसर आणि मेमरी पुस्तकातून शिकावीच. पण खिशातल्या एखाद्या जुन्या फोनच्या चिपची ही फाइल उघडून, त्यातला एकेक पत्ता कोणाचा आणि तो का राखला, हे शोधण्याचा एक तास त्यांच्या प्रात्यक्षिकात असायलाच हवा.