अतिनील नळीला चोक कोणता?

घरच्या घरी अतिनील दिवा बनविणारे हौशी कारागीर नळी पारखून घेतात. चोक मात्र अडगळीतला जोडतात. नळीतून वीज वाहू लागली की तिचा विद्युतरोध घटत जातो. प्रवाहाला आवर घालायला मग चोकच उरतो. ८ वॅटच्या नळीला सुमारे ०.१५ अँपिअर पुरतात. ३६ वॅटचा चोक ०.४३ अँपिअरसाठी घडविलेला. अशाने नळीचे तंतू लवकरच जळतात.

निराळा, महागडा चोक मात्र नको. विजेच्या दृष्टीने अशा बहुतेक नळ्या तेवढ्याच वॅटच्या साध्या नळीसारख्या. वॅट व प्रवाह जुळले की झाले. धोकाही तिथेच आहे. हाच चोक २५४ नॅनोमीटरची जंतुनाशक नळीही पेटवितो आणि ती उघडी जळल्यास डोळे, त्वचा पोळते. तिची काच पारदर्शक असते, गडद जांभळी नव्हे.