डोळ्याच्या इजेनंतर कॉन्टॅक्ट लेन्सचा उपयोग

यावल तालुक्यात केळी, कापूस व ज्वारीच्या शेतांत काम करताना डोळ्यास इजा होण्याचा धोका नेहमीच असतो. ज्वारीचे धारदार पान, पऱ्हाटीचे टोक किंवा मळणीयंत्रातून उडालेला कण लागून बुबुळावर जखम होते. जखम भरते, पण नजर अंधुक राहते. चष्म्यानेही फरक न पडल्यास डोळा कायमचा गेला असे समजले जाते. ही समजूत प्रत्येक वेळी बरोबर नसते.

बुबुळासमोर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्यावर वण राहिल्यास पृष्ठभाग खडबडीत होतो. उंचसखल शेतात पाणी जसे सारखे पसरत नाही, तसे अशा डोळ्यात प्रकाशकिरण एका ठिकाणी जुळत नाहीत. चष्म्याच्या काचेने हा दोष भरून निघत नाही. कडक कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावर बसविली असता तिच्याखालील खळग्यांत अश्रू भरतात आणि लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग हाच डोळ्याचा नवा पृष्ठभाग बनतो. अशी लेन्स प्रथम १८८८ च्या सुमारास युरोपात काचेची केली गेली. हल्ली ती प्राणवायू आत जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची असते.

जोराचा मार लागून डोळ्यातील भिंग काढावे लागले व कृत्रिम भिंग बसविता आले नाही, तरीही ही लेन्स उपयोगी पडते. अशा एका डोळ्यास जाड चष्मा दिल्यास वस्तू सुमारे पावपट मोठी दिसते व दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळत नाहीत. लेन्सने हा फरक बराच कमी होतो.

मात्र वण मध्यभागी व दाट पांढरा असल्यास नेत्ररोपणाचा विचार करावा लागतो. आतील पडदा किंवा नस निकामी झाली असल्यास लेन्सचा उपयोग होत नाही. म्हणून जखम पूर्ण भरल्यावर नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी व लेन्स लावून किती दिसते, हे आवर्जून विचारावे.

लेन्स वापरणाराने पुढील काळजी घ्यावी :

१. हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच लेन्स हाताळावी.
२. विहिरीचे, नळाचे पाणी किंवा थुंकी लेन्सला लावू नये. ठरवून दिलेले द्रावणच वापरावे.
३. झोपताना लेन्स काढावी. फवारणी व मळणीच्या वेळी ती घालू नये. संरक्षक चष्मा वापरावा.
४. डोळा लाल झाल्यास किंवा दुखल्यास लेन्स तत्काळ काढून डॉक्टरांकडे जावे.

वण लहान राहावा यासाठी पहिला दिवस महत्त्वाचा असतो. नेपाळमधील भक्तपूर येथील पाहणीत बुबुळ खरचटल्यापासून १८ तासांच्या आत जंतुनाशक मलम मिळालेल्या एकाही रुग्णास पुढे बुबुळाचा व्रण झाला नाही. पानाकाडीच्या जखमेत बुरशी वाढू शकते. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडयुक्त थेंब ती अधिकच वाढवितात. सबब ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा जखमीस त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पोहोचवावे. आणि जुन्या इजेमुळे ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांचीही एकदा नेत्रतपासणी घडवून आणावी.