मराठी साहित्यसमीक्षेची संदर्भसाधने

एखाद्या साहित्यकृतीवर किंवा लेखकावर शोधनिबंध लिहिताना आधारासाठी वापरले जाणारे ग्रंथ, लेख, प्रबंध, सूची आणि कोश यांना साहित्यसमीक्षेची संदर्भसाधने म्हणतात. मराठीतील समीक्षा मोठ्या प्रमाणात नियतकालिकांत विखुरलेली असल्याने या साधनांचा शोध हा संशोधनाचाच एक महत्त्वाचा भाग ठरतो.

प्राथमिक व दुय्यम साधने

मूळ साहित्यकृती, तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या आणि लेखकाचा पत्रव्यवहार ही प्राथमिक साधने होत. समीक्षा, चरित्रे व वाङ्मयेतिहास ही दुय्यम साधने होत. हा भेद अभ्यासविषयानुसार बदलतो. भालचंद्र नेमाडे यांचा ‘टीकास्वयंवर’ हा ग्रंथ मराठी कादंबरीच्या अभ्यासात दुय्यम साधन ठरतो. परंतु नेमाडे यांच्या वाङ्मयीन भूमिकेचा अभ्यास करताना तोच प्राथमिक होतो. त्यामुळे ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचे मूल्यमापन केवळ तिच्या लेखकाच्या समीक्षेवर आधारता येत नाही.

सूची आणि कोश

शोधाचा आरंभ सामान्यतः सूचींपासून होतो. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. ‘मराठी विश्वकोश’ आणि ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’ यांतून लेखकाची प्राथमिक माहिती व पुढील वाचनाची दिशा मिळते. निबंधातील मुख्य प्रतिपादनाला मात्र कोशातील नोंद पुरेशी नसते.

नियतकालिके

‘विविधज्ञानविस्तार’, ‘सत्यकथा’, ‘नवभारत’ आणि ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ यांचे जुने अंक समीक्षेच्या इतिहासासाठी महत्त्वाचे आहेत. दलित साहित्याविषयीच्या चर्चेसाठी गंगाधर पानतावणे यांनी संपादित केलेले ‘अस्मितादर्श’ पाहावे लागते. समीक्षालेख पुढे ग्रंथात समाविष्ट होताना कधी कधी बदलले जातात. म्हणून एखादे मत प्रथम केव्हा मांडले गेले, हे ठरवताना ग्रंथाच्या प्रकाशनवर्षाऐवजी मूळ अंकाचा महिना व वर्ष तपासतात.

ग्रंथालये व महाजाल

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) येथे जुने मराठी ग्रंथ अभ्यासता येतात. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तेथे शोध घेताना लेखकाचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतील निरनिराळ्या वर्णलेखनांनी लिहून पाहणे उपयुक्त ठरते. प्रबंधाच्या अखेरीस असलेली संदर्भसूची पुढील शोधाला मदत करते.

साधनांची पारख

एकच विधान पाच पुस्तकांत आढळले, तरी ती पाचही एकाच जुन्या लेखावर विसंबलेली असतील तर तो पुरावा एकच ठरतो. परीक्षेसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिकांत मूळ संदर्भ बहुधा दिलेला नसल्याने चुकीची वर्षे आणि अवतरणे पुढील लेखनात तशीच उतरतात. म्हणून अवतरण मूळ ग्रंथातून पडताळणे, आवृत्ती व पृष्ठक्रमांक नोंदवणे आणि मूळ ग्रंथ न मिळाल्यास मधल्या ग्रंथाचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक असते.