निराधार प्राण्यांच्या सहवासात कलेचा एक दिवस

अंधेरीच्या उंच इमारतींत वाढणाऱ्या मुलांचा प्राण्यांशी संबंध बहुधा दोनच प्रकारे येतो. शाळेच्या वाटेवर फाटकापाशी झोपलेला कुत्रा दिसला की आई हात घट्ट धरते आणि मूल भय शिकते. किंवा सवंगड्यांपैकी कोणी दगड उचलतो आणि मूल निष्ठुरता शिकते. मैत्रीचा तिसरा मार्ग त्याला कोणी दाखवीत नाही. प्राण्यांच्या आश्रयस्थानी मुलांनी चित्रे, गाणी, वाचन आणि हस्तकला यांत घालवलेला एखादा दिवस हा मार्ग दाखवू शकतो. अशा दिवसाने नेमके काय साधते, तो कसा आखावा आणि कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार या लेखात करू.

एकेकाळी आपल्याकडे अशा सहलीची गरज नव्हती. मरोळ, चकाला, सहार, आंबोली या गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबे भातशेती करीत. बैल, कोंबड्या आणि राखणीचा कुत्रा हे घरचेच सभासद असत. भाताचे पहिले पीक देवाला अर्पण करण्याचा आगेऱ्याचा सण आजही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी साजरा होतो. पण शेते बुजली आणि बैल गेले. शहरातील म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली शेजारीच आरे दुग्ध वसाहत उभारण्यात आली. प्राणी असे हळूहळू आपल्या नजरेआड झाले. उरले ते रस्त्यावरचे कुत्रे आणि मांजरे.

या मुक्या जिवांविषयी मुंबईची परंपरा मात्र थोर आहे. १८३२ साली इंग्रज सरकारने बेवारस कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाजाने तिला प्रखर विरोध केला आणि शहराचे व्यवहार बंद पाडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरपोळ सुरू झाले. १८८३ साली सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय स्थापन झाले. ते आजही कार्यरत आहे. विदर्भातील भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांनी १९७३ पासून आदिवासींची सेवा करताना वन्य प्राण्यांचे अनाथालयही उभे केले. शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू त्यांनी मागून घेतले आणि त्यातून या कार्याचा आरंभ झाला.

आज या विषयाला नवी निकड आली आहे. २०१४ च्या गणनेनुसार मुंबईत सुमारे ९५ हजार भटके कुत्रे होते. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच्या मूळ जागी सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हीच पद्धत मान्य केली. रेबीज झालेले आणि आक्रमक कुत्रे त्यातून वगळले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून आश्रयस्थानात ठेवावीत, ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सांगण्यात आले. मुलांच्या सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे. पण त्याचा अर्थ असा, की कित्येक प्राण्यांचे उर्वरित आयुष्य जाळीच्या आत जाणार आहे. ते आयुष्य कसे असेल, हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

आश्रयस्थानात अन्न मिळते, औषध मिळते. पण दिवस मोठा असतो. सततचे भुंकणे, अनोळखी वास आणि एकटेपणा यांनी प्राणी खचतो. काही कोपऱ्यात दडून बसतात, तर काही जाळीवर धावून येतात. दत्तक घ्यायला आलेले कुटुंब या दोघांनाही टाळते आणि त्यांचा मुक्काम वाढतच जातो. या दुष्टचक्रावर कलेचा उपयोग होतो, असे अनुभवाने आणि संशोधनाने दिसून आले आहे.

प्रथम संगीत. बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली आश्रयस्थानातील कुत्र्यांना निरनिराळे संगीत ऐकवून पाहिले. पाश्चात्त्य अभिजात संगीत चालू असताना कुत्रे अधिक वेळ शांत पडून राहिले; कर्कश हेवी मेटल लावताच भुंकणे वाढले. २०१७ मध्ये स्कॉटलंडमधील अभ्यासात असेही आढळले, की तेच ते संगीत कुत्र्यांच्या सवयीचे होते आणि विविधता ठेवल्यास परिणाम टिकतो. आपल्या गायकवृंदातील मुलांनी गिटारवर संथ लयीत गाणी म्हटली, तर श्रोते खूश होतील! ढोलताशा आणि ध्वनिक्षेपक मात्र घरीच ठेवावेत.

दुसरे वाचन. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका प्राणिसंस्थेने २०१३ साली मुलांनी मांजरांना गोष्टी वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू केला. मिसूरी राज्यातील संस्थेने २०१५ मध्ये कुत्र्यांसाठी तसेच केले. मूल जाळीबाहेर, कुत्र्याकडे अंग तिरपे करून बसते आणि शांत स्वरात वाचते. कुत्रा स्वतःहून पुढे आला की त्याला खाऊचा तुकडा मिळतो. बुजरा प्राणी अशा रीतीने माणसाच्या आवाजावर विश्वास ठेवायला शिकतो. वाचताना अडखळणाऱ्या मुलालाही येथे कोणी हसत नाही, कोणी चुका काढत नाही. मराठी वाचायला कचरणाऱ्या आपल्या मुलांना याहून प्रेमळ श्रोता कोठे मिळणार?

तिसरे चित्रकला आणि छायाचित्रण. चित्र काढण्यासाठी मुलाला एका जागी बसून प्राण्याकडे नीट पाहावे लागते: त्याचे कान कधी मागे जातात, शेपटी कधी ताठ होते, डोळे कधी मिटतात. कुत्र्याच्या देहबोलीचा हा पहिला धडा असतो आणि पुढे रस्त्यावर तोच मुलाचे रक्षण करतो. छायाचित्रांचे महत्त्व तर प्रत्यक्ष मोजले गेले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, मोकळ्या जागी उभ्या असलेल्या आणि कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या कुत्र्याचे स्पष्ट छायाचित्र असल्यास त्याला घर लवकर मिळते. एका उत्तम छायाचित्राने एखाद्या जिवाचा कित्येक दिवसांचा बंदिवास टळू शकतो.

चौथी हस्तकला. जुने टी-शर्ट आणि सुती साड्या यांच्या पट्ट्या वेणीसारख्या घट्ट विणल्या की ओढाओढीची उत्तम खेळणी तयार होतात. कुत्र्यांना निळा आणि पिवळा हे रंग चांगले ओळखता येतात; लाल आणि हिरवा यांतील भेद त्यांना करता येत नाही. म्हणून कापड निवडताना निळे-पिवळे घ्यावे. गोधड्या शिवून दिल्यास पावसाळ्यात त्यांचा फार उपयोग होतो. मणी, टाचण्या, चमकी आणि रबरबँड यांना येथे सक्त मनाई असावी, कारण ते गिळले जातात.

खाऊच्या बाबतीतही पथ्य हवे. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना विषारी ठरतात. म्हणजे नाताळचा मनुका घातलेला केक त्यांच्यापासून दूरच ठेवला पाहिजे. दूध-बिस्किटांची आपली सवयही सोडावी, कारण कित्येक मोठ्या कुत्र्या-मांजरांना दूध पचत नाही.

सुरक्षिततेचे नियम निघण्यापूर्वीच मुलांना सांगावेत. झोपलेल्या, जेवणाऱ्या किंवा पिल्लांसोबत असलेल्या प्राण्याला हात लावू नये. धावू नये, किंचाळू नये. लसीकरण झालेल्या आणि संस्थेने निवडून दिलेल्या प्राण्यांजवळच जावे. दात किंवा नख लागले, तर मुलाने ते लपवू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजची लस सुरू करावी. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर घेतलेल्या उपचाराने मात्र तो टळतो.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत सर्व काही उलट असते. जुन्नरजवळील माणिकडोह येथे उसाच्या शेतांतून पकडलेल्या किंवा जखमी झालेल्या बिबट्यांचे केंद्र आहे. अशा ठिकाणी माणसाचा सहवास जितका कमी तितका बरा. तेथील प्राण्यांवर प्रेम करायचे ते दुरूनच.

असा दिवस केव्हा ठेवावा? ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण आणि जागतिक प्राणीदिनही आहे. १२२३ साली ग्रेच्चो या गावी जिवंत बैल आणि गाढव यांच्यासह नाताळचा गोठा उभारणारा हा संत १२२६ मध्ये निधन पावला. २०२६ हे त्या घटनेचे आठशेवे वर्ष. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्राचे नाव त्याच्याच स्तोत्रावरून घेतले. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हे तर धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही नमूद आहे. आगेराही याच सुमारास येतो. धर्मग्रामातील युवकांनी जवळच्या नोंदणीकृत संस्थेशी आधी बोलून, मुलांचे दहा-बारांचे लहान गट करून जावे.

शेवटी एक इशारा. दिवस आनंदात गेला की संध्याकाळी हमखास हट्ट होतो: ‘हे पिल्लू आपण घरी नेऊ या.’ त्या क्षणी होकार देऊ नये. कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगतो. हौस सरल्यावर रस्त्यावर सोडलेल्या प्राण्यांमुळेही ही आश्रयस्थाने भरतात. कुटुंबाने महिनाभर विचार करावा. तयारी नसेल, तर एक-दोन रात्रींचा पाहुणा म्हणून कुत्रा घरी नेण्याची सोय आहे का, ते विचारावे. अमेरिकेतील पाच आश्रयस्थानांच्या २०१९ मधील अभ्यासात, अशा मुक्कामाने कुत्र्यांच्या शरीरातील ताणाचे संप्रेरक कमी झाल्याचे आढळले. परतल्यावर ते पूर्वीच्या पातळीवर आले, त्याहून वर गेले नाही.

आणि काहीच शक्य नसले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वाटेवर तोच कुत्रा फाटकापाशी झोपलेला असेल. मुलाने आईचा हात न आवळता, दगड न उचलता, त्याची झोप न मोडता बाजूने जावे. इतके घडले तरी तो दिवस सत्कारणी लागला असे समजावे.